मधमाशीपाशी थांबलेलं वाचन : शिगा नाओया यांची 'किनोसाकी' आणि ऊन पाण्याचं गाव



या मालिकेत आपण एका वेळी एकच साहित्यकृती घेतो आणि तिच्यासोबत थोडा वेळ बसतो. आजची कृती फार लहान आहे, जेमतेम दहा-बारा पानांची. शिगा नाओया या जपानी कथाकाराची 'किनोसाकी नी ते' ही कथा, १९१७ साली प्रसिद्ध झालेली. नावाचा अर्थ साधा आहे : 'किनोसाकी इथे'. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात आपण 'मुक्काम अमुक' लिहायचो ना, तसं.

किनोसाकी हे ह्योगो प्रांताच्या उत्तरेला, जपानी समुद्राजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. कोकणात अशा जागेला आपण उन्हाळं म्हणतो, जपानीत ओनसेन. माणसं तिथे दोन गोष्टींसाठी जातात : पाण्यात बसायला आणि जेवायला. हिवाळ्यात गेलात तर जेवण म्हणजे खेकडा.

आम्ही दोघंही त्यासाठीच गेलो होतो. समीक्षा वगैरे डोक्यात नव्हती. आमच्यापैकी एकाची त्याआधी दोन वर्षं बायपास झाली होती. 'आता जरा शांत ठिकाणी जाऊन या,' असं सगळेच म्हणत होते. आमच्यापैकी एकीला जपानी वाचता येतं, कथा दोघांनी आधी वाचलेली होती, आणि कथेतला माणूसही दुखण्यातून उठून त्याच गावी गेलेला. म्हणून किनोसाकी ठरलं. परत आलो ते कथेबद्दलचं मत बदलून. ते कसं बदललं, हाच आजचा विषय.

आधी आपल्या वाचनाच्या सवयीबद्दल दोन शब्द. मराठी वाचकाला जपान भेटतो तो बहुधा दोन वाटांनी. एक प्रवासवर्णनाची. पु. ल. देशपांडे यांचं 'पूर्वरंग' आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉलेजात असताना वाचलेलं असतं. दुसरी वाट हायकूची. शिरीष पै यांनी तो प्रकार मराठीत रुजवला. दोन्हींचे आपल्यावर उपकार आहेत. पण त्यातून आपल्याला एक खोडही लागली. जपानी लेखनात एखादा छोटा जीव दिसला, पान हललं, पाऊस पडला, की आपण लगेच मान डोलावतो : वा, काय शांतता! आता या कथेत मधमाशी आहे, पान आहे, पाऊसही आहे. पहिल्या वाचनात आम्हीही मान डोलावली होती.

जपानातही ही कथा बराच काळ याच अंगाने वाचली गेली. लेखकाची मनःस्थिती हाच ज्यांचा विषय, अशा कथांना तिथे 'शिनक्यो शोसेत्सु' असं वेगळं नाव आहे आणि त्यांचा नमुना म्हणून हीच कथा पुढे केली जाते. १९२७ साली आकुतागावा आणि तानिझाकी या दोन मोठ्या लेखकांमध्ये, कथेला कथानक कितपत लागतं, यावर वाद रंगला. तेव्हा कथानकाशिवाय उत्तम लिहिणारा लेखक म्हणून आकुतागावांनी दाखला दिला तो शिगांचा.

आमचं म्हणणं असं, की या कथेला कथानक आहे आणि ते चांगलंच कडक आहे. ते कसं, ते बघू.

शिगांना १९१३ च्या ऑगस्टमध्ये तोक्योत यामानोते मार्गावरच्या आगगाडीची धडक बसली. त्यातून ते वाचले आणि शरद ऋतूत विश्रांतीसाठी एकटेच किनोसाकीला गेले. कथेतला 'मी'ही तोच. पाठीला मार लागलाय. डॉक्टर सांगतात, दोन-तीन वर्षांत मणक्याचा क्षय झाला नाही तर काळजी नाही, आणि सहसा तो होणार नाही. माणूस तीन आठवडे, जमल्यास पाच आठवडे राहायचं ठरवून येतो. वाचतो, लिहितो, खोलीबाहेर खुर्ची टाकून बसतो, फिरायला जातो. आणि या दिवसांत त्याला तीन मरणं दिसतात.

पहिलं मधमाशीचं. पुढच्या दाराच्या छपरावर एक माशी मरून पडलेली आहे. बाकीच्या माश्या तिच्या आजूबाजूला कामात आहेत, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तीन दिवस ती तशीच असते. मग रात्री जोराचा पाऊस होतो आणि सकाळी ती तिथे नसते. 'मी'ला त्या निश्चलपणाची ओढ वाटते. मरण आपल्या जवळचं वाटू लागतं.

दुसरं उंदराचं. गावातून वाहणाऱ्या ओढ्यात एक उंदीर पोहतोय. त्याच्या मानेतून आरपार वीतभर लांबीची सळी गेली आहे, मासा टोचून भाजतात तसली. काठावर माणसं जमली आहेत. पोरं आणि एक रिक्षा ओढणारा दगड मारताहेत. दगड लागत नाहीत, लोक हसतात. उंदीर काठाच्या दगडांच्या फटीत शिरू बघतो, सळी अडकते, पुन्हा पाण्यात पडतो. 'मी' शेवट न बघताच निघून जातो. जाताना त्याच्या लक्षात येतं, की मरणात शांतता असेलही, पण त्याच्याआधी ही धडपड आहे. आपल्यालाही ती चुकलेली नाही. अपघाताच्या दिवशी आपणही असेच धडपडलो होतो.

तिसरं मरण इमोरीचं. याला मराठीत नेमका शब्द नाही. दिसतो पालीसारखा, पण आहे बेडकाच्या गोतातला, पाण्याकाठी राहणारा. संध्याकाळी ओढ्याच्या कडेने चालताना 'मी'ला एका दगडावर तो बसलेला दिसतो. त्याला दचकवून पाण्यात उडी मारायला लावावं, म्हणून हा एक दगड टाकतो. नेम धरलेला नाही, नेम धरून लागेल एवढा त्याचा हातही चांगला नाही. दगड लागतो. इमोरी मरतो.

आता या तिघांना ओळीत ठेवून बघा. मधमाशी दिसते ती मेल्यानंतर. उंदीर दिसतो तो मरताना. इमोरी मरतो तो बघणाऱ्याच्याच हातून. पहिल्या मरणात माणूस प्रेक्षक आहे, दुसऱ्यात तो त्या गर्दीपासून फार लांब नाही, तिसऱ्यात त्याचाच हात गुंतलेला आहे. कडक कथानक म्हणतो ते हे. बघणारा माणूस एकेक पायरी उतरत करणारा होतो, आणि तेही मनात नसताना.

याला कथेतच एक दुवा ठेवलेला आहे. 'मी' आपल्याच एका आधीच्या कथेची आठवण काढतो. शिगांची 'हानचा गुन्हा' ही ती कथा. खेळात सुऱ्या फेकणारा हान, त्याचा सुरा बायकोच्या गळ्याला लागतो, ती मरते. मुद्दाम मारलं की अपघात झाला? हानला स्वतःलाही सांगता येत नाही. किनोसाकीत बसलेला 'मी' म्हणतो, की ती कथा नवऱ्याच्या बाजूने लिहिली, आता थडग्यातल्या त्या बायकोच्या बाजूने लिहावीशी वाटते. हा परिच्छेद आपण भरभर वाचून पुढे जातो. थांबायला पाहिजे ते इथेच. कारण पुढे इमोरीच्या वेळी प्रश्न तोच उभा राहतो : हे मी केलं की घडलं? आणि गाडीच्या धडकेतून आपण वाचलो, ते तरी आपण केलं की घडलं?

आता कथेत नसलेल्या दोन गोष्टींकडे वळू. ओनसेनच्या गावी राहून लिहिलेल्या या कथेत पाण्यात उतरण्याचं वर्णन नाही. 'इचिनोयु' या स्नानगृहाचं नाव येतं, पण फक्त खूण म्हणून : ओढा त्याच्यासमोरून वाहतो, एवढंच. आणि जेवणाचं वर्णन नाही. 'संध्याकाळच्या जेवणाआधी मी या वाटेने यायचो', एवढ्यापुरतं जेवण येतं. ज्या दोन गोष्टींसाठी लोक जातात, त्या दोन्ही गाळलेल्या.

पण नीट वाचलं तर त्या पूर्ण गाळलेल्या नाहीत, वेगळ्या दाराने आत आल्यात. स्वयंपाकघर येतं ते उंदराच्या मानेतल्या सळीतून. कुणाच्या तरी घरी मासा भाजायला घेतलेली ती वस्तू. खेकडासुद्धा कथेत आहे. ओढ्याच्या डोहात पायांवर केस असलेला एक मोठा खेकडा कधी कधी दगडासारखा निश्चल बसलेला दिसतो, असं 'मी' सांगतो. समुद्रातला नाही, नदीतला. आणि कुणी त्याला खात नाही. पुढे अशाच ओढ्याकाठच्या वाटेवर खराखुरा दगड हातातून सुटतो.

आणि स्नानाचं पाणी येतं ते इमोरीबरोबर. 'मी'ला आठवतं, की दहाएक वर्षांपूर्वी हाकोनेला, सरायीचं सांडपाणी बाहेर पडतं तिथे इमोरी गोळा झालेले असायचे. ते बघून वाटायचं, आपण इमोरी असतो तर कसं सहन केलं असतं! म्हणजे इमोरी हा ओनसेनचाच रहिवासी आहे. माणसांनी वापरून सोडलेल्या पाण्यावर जगणारा. आत पाहुणे, बाहेर इमोरी, मधे फक्त एक मोरी. हे लक्षात ठेवून शेवटचा दगड पुन्हा वाचा. त्या मरणातली शांतता मग राहत नाही.

आता गावात येऊ. संध्याकाळी किनोसाकीत जे दिसतं ते खरोखर सुंदर असतं. ओतानी नावाची छोटी नदी, दोन्ही काठांना विलोची झाडं, दगडी कमानीचे पूल. युकाता, म्हणजे सुती झगा, आणि पायात लाकडी गेता घालून माणसं एका स्नानगृहातून दुसऱ्यात चालली आहेत. रस्ताभर गेतांची टकटक. गावात अशी सार्वजनिक स्नानगृहं सात. गावकरी सांगतात, की आमचं सगळं गाव मिळून एकच सराय आहे : स्टेशन म्हणजे पुढचं दार, रस्ते म्हणजे व्हरांडे, लॉज म्हणजे खोल्या.

माहितीपत्रकात याला परंपरा म्हणतात. ते खोटं नाही, पण ते मधमाशीपर्यंतचं वाचन झालं.

२३ मे १९२५ रोजी, दुपारच्या स्वयंपाकाची वेळ जवळ आलेली असताना, या भागात मोठा भूकंप झाला. चारशेहून अधिक माणसं गेली. किनोसाकी कोसळलं आणि मग जळलं. शिगांनी बारा वर्षांपूर्वी पाहिलेलं गाव त्या आगीत संपलं. आज दिसणारी लाकडी घरं त्यानंतर बांधलेली आहेत.

आणि बांधताना भांडण झालं. तोवरची रीत अशी, की सरायीत फक्त राहायचं, आंघोळीला मात्र सगळ्यांनी गावाच्या स्नानगृहात जायचं. पाणी गावाचं. पुनर्बांधणीत एका सरायवाल्याने स्वतःच्या आवारात झऱ्याच्या पाण्याची न्हाणी काढली. माझ्या जमिनीतून निघालेलं पाणी माझं, की गावाचं? गाव खवळलं, प्रकरण कोर्टात गेलं, लांबत लांबत मिटलं ते १९५० साली, तडजोडीने. सरायीत न्हाणी चालेल, पण लहान. मोठी स्नानगृहं गावाचीच राहतील. पुढे १९७२ पासून झऱ्यांचं पाणी एकत्र करून नळाने सगळीकडे वाटायला सुरुवात झाली. आजही लॉजमधली न्हाणी लहानच असते, म्हणून माणसं संध्याकाळी बाहेर पडतात, म्हणून रस्त्यावर गेता वाजतात. आपल्याला जे निवांत दृश्य दिसतं ते दोन दशकांहून जास्त चाललेल्या झगड्यातून शिल्लक राहिलेलं आहे. कळल्यावर ते आम्हाला जास्तच आवडलं.

इथे कुणी विचारेल, की लेखकांनी लिहिलं आणि गावांनी ते विकलं, ही गोष्ट जपानभर आहे, किनोसाकीवरच राग का? राग नाही. उलट तुलनेला एक चांगलं उदाहरण देतो. नात्सुमे सोसेकी यांची १९०६ ची 'बोच्चान' ही कादंबरी. तोक्योचा एक तापट तरुण गणिताचा मास्तर म्हणून आडगावी जातो. ते गाव म्हणजे मात्सुयामा, तिथलं स्नानगृह म्हणजे दोगो ओनसेन. सोसेकी स्वतः तिथे १८९५-९६ मध्ये शिकवत होते. या मास्तराची बरीच फजिती दोन गोष्टींवरून होते : आंघोळ आणि खाणं. तेम्पुरा घातलेल्या शेवयांचे चार वाडगे खाल्ले, दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर 'तेम्पुरा मास्तर'. ओनसेनच्या वाटेवर तांदळाच्या पिठाचे गोळे, दांगो, दोन बशा खाल्ले, तेही फळ्यावर, किमतीसकट. महिना चाळीस येनचा मास्तर रोज वरच्या वर्गाच्या न्हाणीत जातो, याचीही चर्चा. मोठ्या हौदात कुणी नाही बघून पोहला, तर दुसऱ्या दिवशी पाटी लागलेली : पोहू नये.

म्हणजे बोच्चानसाठी ओनसेन म्हणजे शांतता नव्हेच. पाळत आहे. गावभर डोळे. कादंबरी त्या गावाची टिंगलच करते. आणि दोगोने काय केलं? बोच्चान दांगो विकले, बोच्चानच्या नावाने छोटी आगगाडी चालवली, आणि १८९४ साली बांधलेल्या त्या जुन्या स्नानगृहात आजही पाटी आहे : बोच्चान, पोहायचं नाही. शेरास सव्वाशेर! आमच्या मते हे गावाने केलेलं चांगलं वाचन आहे. टिंगल त्यांनी लपवली नाही, भिंतीवर लावली.

कावाबाता कुठे राहिले, असं काहींच्या मनात आलं असेल. 'हिमभूमी'वर स्वतंत्र बोलावं लागेल. आज एवढंच, की तिथेही पाहुणा येतो आणि जातो; हिशेब चुकता करावा लागतो तो तिथे राहणाऱ्या कोमाकोला.

मग किनोसाकीने शिगांचं काय केलं? त्यांच्या मुक्कामाला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने २०१३ मध्ये गावातल्या तरुण मंडळींनी 'पुस्तक आणि ओनसेन' नावाचं छोटं प्रकाशन सुरू केलं. ही पुस्तकं फक्त किनोसाकीतच मिळतात. एक लिहिलंय माकिमे मानाबु यांनी, नाव 'किनोसाकीचा खटला'. कागद पाण्याला दाद न देणारा, वेष्टण चक्क टॉवेलचं, म्हणजे पाण्यात बसून वाचता यावं. दुसरं मिनातो कानाए यांचं. त्याच्या वेष्टणाचा पोत खेकड्याच्या कवचासारखा, आणि पुस्तक बाहेर ओढायचं ते नांगीतून मांस ओढावं तसं.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर आम्ही नाक मुरडलं. खेळणी वाटली. आता तसं वाटत नाही. शिगांनी पाणी आणि खेकडा पुस्तकातून बाहेर ठेवले होते, या मंडळींनी ते पुस्तकाच्या अंगावर आणले. आणि 'खटला' हे नाव! अपघात की गुन्हा, हा प्रश्न 'हानचा गुन्हा'पासून इमोरीपर्यंत चालत आलेला. गावाच्या पाण्याचा खटला वेगळाच. हे नाव ठेवणाऱ्याने शिगांना मधमाशीपाशी सोडून दिलेलं नाही. आमची तक्रार आहे ती माहितीपत्रकांशी, आणि आमच्यासारख्या पाहुण्यांशी, जे 'शिगांना इथे मनःशांती लाभली' हे एक वाक्य वाचून पुढे खेकड्याच्या दरपत्रकाकडे वळतात.

आता आमच्या स्वतःच्या मुक्कामाचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय आमचं वाचन का बदललं ते कळणार नाही.

स्नानगृहात पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. त्यामुळे आम्ही दोघांनी एकच गाव वेगवेगळ्या पाण्यात पाहिलं आणि बाहेर येऊन ताळा जमवला. आपल्याकडे वज्रेश्वरीला कुंडात उतरतात ते निदान पंचा नेसून. इथे काहीच नाही. छोट्या स्टुलावर बसून आधी अंग स्वच्छ धुवायचं, हातभर टॉवेल असतो तो पाण्याला लावायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी चांगलं कढत, चवीला किंचित खारट. आमच्यापैकी एकाच्या छातीवर मधोमध उभा व्रण आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती ती चार मिनिटांची. पाण्याची भीती नव्हती, भीती होती ती लोकांच्या नजरेची. कुणीही बघितलं नाही. बघितलंच नाही असं नाही, पण बघून सोडून दिलं. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या गुडघ्यावर तसाच व्रण. पलीकडे एकाच्या पाठभर गोंदण. इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत गोंदणवाल्यांना मज्जाव नाही. पलीकडे बायकांच्या पाण्यातही हेच : एका बाईंना एक स्तन नव्हता, आणि त्या नातीचे केस धूत होत्या.

बाहेर आल्यावर आम्ही बोललो ते हॉस्पिटलबद्दल. ऑपरेशनच्या वेळी शेजारच्या खाटेवर एक जण होते. त्यांचंही तेच ऑपरेशन, त्याच आठवड्यात. ते गेले. आमचा माणूस वाचला. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, देवाचे आभार माना. आम्ही मानायचो. पण खरं सांगायचं तर आनंद असा होत नव्हता, आणि होत नाही हे कुणाला सांगताही येत नव्हतं. दोन वर्षं घरात हा विषय आम्ही टाळत होतो.

आणि हे कथेत स्वच्छ लिहिलेलं आहे. इमोरी मेल्यावर 'मी' विचार करतो : मधमाशी मेली, उंदीर बहुधा मेला, इमोरी मेला, मी मेलो नाही. याबद्दल आभार मानायला हवेत असं त्याला वाटतं. पण आनंद वर येत नाही. जगणं आणि मरणं ही दोन टोकं नाहीत, त्यांच्यात फारसं अंतर नाही, असं त्याला वाटतं आणि अंधारात पावलं चाचपडत तो परत निघतो. आधीच्या वाचनात आम्ही या जागेला 'समत्व' म्हटलं होतं, टिपणवहीत तसं लिहिलेलंही आहे. ते चुकलं होतं. समत्व पोचल्यावर येतं, हा माणूस कुठे पोचलेला नाही. वाचलेल्या माणसाला जे सांगायची सोय नसते, ते त्याने सांगितलंय, बस.

त्या रात्री खोलीत जेवण आलं. वाढणाऱ्या बाईंनी आधी खेकडा दाखवायला आणला, जिवंत. नांगीला निळी पट्टी, म्हणजे जवळच्या त्सुइयामा बंदरातला. मात्सुबा म्हणतात याला. मोसम नियमाने बांधलेला, ६ नोव्हेंबरला सुरू आणि मार्चमध्ये बंद. माद्यांची पकड त्याहून लवकर थांबते. त्याचे पाय हलत होते. मग तोच एकेक करून येत गेला : थोडा कच्चा, थोडा निखाऱ्यावर, कवचातली पिवळी-करडी लगदी त्या कवचातच गरम केलेली, उरलेला रश्श्यात, आणि शेवटी त्या रश्श्यात भात शिजवून केलेली पेज. कुर्ल्यांवर वाढलेल्या माणसाला यात परकं काही नाही. खेकडा खाताना सगळे गप्प होतात, असं तिथे गमतीने म्हणतात. आम्हीही गप्प झालो. ती शांतता मात्र खरी होती : हात कामात असण्याची, आणि आपण काय खातोय हे माहीत असण्याची.

शेवटचा मुद्दा. कथेचं शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना कोरडं वाटतं. तीन वर्षं उलटून गेली, मणक्याच्या क्षयातून तेवढा वाचलो, अशा अर्थाचं. जीव त्या 'तेवढा'त आहे. एका दुखण्यातून सुटलो. तेवढंच, बाकीच्याची खात्री नाही. कुणी आभार मानलेले नाहीत, कुणी धडा घेतलेला नाही. दुखण्यातून उठलेल्या माणसाने इतपतच बोलावं, आणि समीक्षकांनी त्याच्या तोंडी याहून जास्त घालू नये, असं आम्हाला वाटतं.

व्याख्यानानंतर बरेच प्रश्न आले. त्यातला एक इथे देतो. एका श्रोत्यांनी विचारलं : इतकं सगळं कळल्यावरही तुम्ही तो खेकडा खाल्लात?

हो, खाल्ला. पूर्ण खाल्ला, पेजेचा वाडगासुद्धा पुसून. शिगांची कथा खाऊ नका असं सांगत नाही, दगड टाकू नका असंही सांगत नाही. हात आपला होता, एवढं ती विसरू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्याच्या कडेने वर चालत गेलो. इमोरी काही दिसला नाही. थंडीत तो दिसणारही नव्हता. परत येताना झऱ्याच्या उगमापाशी लोक जाळीत अंडी घालून उकडत होते, आम्हीही दोन उकडली. मग गाडीची वेळ झाली.